परकी गादी

"रात्रभर टक्क जागी होती रे तुझी आई," वन्संनी फोनवर सांगितलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर चहा गाळत उभी होते, पण त्यांच्या लेखी मी नव्हतेच तिथे. "एकदा उठून पाणी प्यायली. मग खिडकी उघडली. मग नुसतीच बसून राहिली पलंगावर. हो, दिलं होतं ना दूध! जायफळ घालून दिलं. काही उपयोग नाही बाबा."

एवढं सांगून त्यांनी फोन माझ्या कानाला लावला.

"आई, हे असं चालणार नाही," निनाद म्हणाला. निनाद माझा मुलगा, पुण्यात असतो. "रविवारी मी गाडी घेऊन येतोय. घर बंद करू. आता तू आमच्याकडे राहायचं, कायमचं."

"का? मला काय धाड भरलीय?"

"तुला झोप येत नाही!"

"मग पुण्यात काय झोप फुकट वाटतात?"

"इथे आम्ही आहोत, डॉक्टर आहेत. तू साताऱ्यात एकटी जागत बसणार आणि आम्ही इथे काळजीनं मरणार. झोपायला लाग, मग खुशाल राहा तिथे. मी चकार शब्द काढणार नाही. नाहीतर रविवारी बॅग भरून ठेव."

आणि फोन बंद. मी चहाचा कप वन्संपुढे जरा आपटलाच. या माझ्या थोरल्या नणंदबाई, प्रमिलाताई, कोल्हापूरच्या. भावाच्या दिवसांना म्हणून आल्या त्या माझ्या सोबतीला राहिल्या. सोबत कसली, पहारा होता तो. रात्री माझ्या शेजारी पलंगावर आडव्या व्हायच्या, भिंतीकडे तोंड करून डोक्यावरून पांघरूण घ्यायच्या, की सकाळपर्यंत हालचाल नाही. आणि सकाळी उठून मी रात्री काय काय केलं त्याचा साद्यंत वृत्तांत पुण्याला द्यायच्या. गाढ झोपलेल्या बाईला हे सगळं कसं कळतं, हा प्रश्न माझ्या पोराला काही पडत नव्हता. मला तर खात्रीच होती, की बाई आपल्या मनानं ठोकून देतात.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. पण तो आठवडा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

हे जाऊन तेव्हा महिना होत आला होता. हे म्हणजे माझे यजमान, मुकुंद. सकाळी पेपर वाचता वाचता गेले. "कुणाला त्रास न देता गेले हो," असं येणारा प्रत्येक जण म्हणायचा. मी ऐकून घ्यायचे. मी रडले नव्हते, त्यामुळे भेटायला येणाऱ्या बायकांची फार पंचाईत व्हायची. पदर सरसावून यायच्या आणि चहा पिऊन जायच्या. झोप उडाली म्हटल्यावर मात्र सगळ्यांना हायसं वाटलं. चला, दुःख झालंय म्हणायचं हिला! मग उपाय सुरू झाले. कुणी ब्राह्मीचं तेल आणून दिलं, कुणी तळपायांना काशाची वाटी घासायला सांगितली. शेजारच्या इनामदारांनी तर उलटे आकडे मोजायला सांगितले. मोजले मी. आकडे संपले, झोप आली नाही.

माझं म्हणणं अगदी साधं होतं, आणि ते कुणी ऐकत नव्हतं. मला दुःखामुळे झोप येत नव्हती हे साफ खोटं. मला गादीमुळे झोप येत नव्हती.

आमची गादी म्हणजे एक प्रकरणच होतं. माझ्या सासूबाईंनी लग्नाआधी ह्यांच्यासाठी करून घेतलेली, कापसाची, चांगली ऐसपैस. ह्यांना दुसऱ्या कुठल्याही गादीवर झोप लागायची नाही. लग्न होऊन आम्ही महाबळेश्वरला गेलो तर एस.टी.च्या टपावर ही भलीमोठी वळकटी! कंडक्टरनं विचारलं, "काय साहेब, बदली झाली वाटतं?" मी जरीच्या साडीत, हातभर हिरवा चुडा. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुढे निनादनं फ्लॅट घेतला तेव्हा मोठ्या हौसेनं बापासाठी स्प्रिंगची गादी आणली. ह्यांनी दोन रात्री खुर्चीत बसून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याची गाडी धरली. निनाद किती हसला होता! "बाबा, गादी ती गादी. त्यात काय एवढं?"

पिंजारी दर खेपेला म्हणायचा, साहेब, आता कापूस बदला. हे म्हणायचे, नुसता पिंजून दे आणि तोच परत भर. त्यामुळे पिंजल्यावर महिन्याभरात गादीत पुन्हा ह्यांच्या बाजूला खळगा पडायचा. मी झोपेत घरंगळत त्या खळग्यात जायची, आणि हे मला कोपरानं ढोसून माघारी पाठवायचे. "तिकडे सरक की, एवढी गादी आहे!" हा आमचा जन्मभराचा संसार.

तर ह्यांच्या तेराव्याला वन्संनी शय्यादान करायचं ठरवलं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर विसावा मिळावा म्हणून गुरुजींना खाट, गादी, उशी, पांघरूण, छत्री, चपला, असं सगळं द्यायचं. आणि सगळं अगदी कोरं द्यायचं. माझा या कशावर विश्वास नव्हता. ह्यांचाही नव्हता. पण वन्संचा होता, आणि वन्संनी एकदा पदर खोचला की घरात दुसऱ्या कुणाचं काही चालायचं नाही. नवी गादी आणली, फुलाफुलांच्या खोळीची. आमची जुनी गच्चीवर उन्हात टाकलेली होती. संध्याकाळी मी आत येऊन बघते तर पलंगावर फुलाफुलांची खोळ.

"अगं, पोरांनी गडबडीत जुनीच टेम्पोत टाकली," वन्सं म्हणाल्या. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. "आता काय करणार? दिलेलं दान परत मागायचं नसतं, शैलजा."

त्या रात्रीपासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आता हे सरळ सरळ गादीचं दुखणं नाही तर काय? नवी गादी म्हणजे नुसता ओटा. कूस वळली तरी हाडं बोलायची. पण मी गादीचं नाव काढलं की निनाद फोनवर समजुतीच्या सुरात म्हणायचा, "हो हो आई, कळतंय मला." म्हणजे काही कळत नव्हतं.

रविवार दोन दिवसांवर आला. या घराला कुलूप लावून पोराच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतल्या कुंडीसारखं जाऊन बसायचं, या कल्पनेनं माझ्या अंगावर काटा यायचा. घर लहान आहे, पण माझं आहे. शुक्रवारी सकाळी मी पिशवी घेतली आणि भाजीला जाते म्हणून बाहेर पडले. गेले ती थेट आठल्ये गुरुजींकडे. काय बोलायचं ते रात्री पक्कं करून ठेवलं होतं. जागं राहण्याचा तेवढा एक फायदा असतो.

गुरुजी पडवीत झोपाळ्यावर बसले होते. आडवा बांधा, तपकिरीची सवय.

"या वहिनी. बसा. काय काढलंत?"

"एक शंका होती, गुरुजी. शय्यादानात वस्तू कोऱ्या लागतात ना?"

"अर्थात."

"आणि वापरलेली दिली तर?"

"तर दोष लागतो."

"म्हणजे दान बाद?"

गुरुजींची चिमूट नाकाशी जाऊन थांबली. "वहिनी, तुम्ही कधीपासून शास्त्र बघायला लागलात?"

"झोप उडाल्यापासून," मी म्हणाले. "हे बघा, आमच्याकडून चुकून वापरलेली गादी आली. कोरी घरी पडलीय. ती आजच्या आज पाठवते, तुम्ही जुनी परत द्या. तुमचं शास्त्रही राहील आणि माझं डोकंही ठिकाणावर राहील."

मला वाटलं होतं हुज्जत घालतील. पण गुरुजींनी तपकीर डबीत परत टाकली आणि उठले.

"चला, आधी बघून तर घ्या."

मागच्या बाजूला त्यांची एक छोटी खोली होती. दार लोटलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. दानात दिलेली खाट खिडकीशी मांडलेली. तिच्यावर आमची गादी, गादीवर स्वच्छ पांढरी चादर, उशाला उशी, पायथ्याशी नीट घडी घातलेलं पांघरूण. छत्री कोपऱ्यात टेकवून ठेवलेली. खाटेखाली चपला, बाहेरून येऊन कुणी आत्ता काढून ठेवाव्यात तशा.

"इथे कोण झोपतं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

"बाकीची दानं मी पाठशाळेत देऊन टाकतो. ही नाही देता आली. तुमच्या नणंदबाईंनी शब्द घेतलाय माझ्याकडून, की या गादीवर दुसऱ्या कुणाला झोपवायचं नाही."

"वन्संनी? त्या तर म्हणाल्या, पोरांनी चुकून टाकली!"

"कसलं चुकून!" गुरुजी म्हणाले. "पोरांनी नवीच टाकली होती टेम्पोत. बाईंनी स्वतः खाली उतरवायला लावली आणि ही चढवली. मी म्हटलं, ताई, असं चालत नाही, कोरीच लागते. तर माझ्यावर खेकसल्या. म्हणाल्या, मला शास्त्र शिकवू नका गुरुजी. माझा भाऊ जन्मात कधी परक्या गादीवर झोपला नाही. लहानपणी मामाकडे नेला तर रात्रभर माझ्या मांडीवर बसून राहायचा. आता जिथे गेलाय तिथे मी नाही, शैलजा नाही. निदान गादी तरी त्याची असू दे."

मी खाटेच्या कडेला बसले. चादर ताणून घातली होती, तरी खालचा खळगा कळत होता. मी त्यावर हात ठेवला. आणि मग जे काय झालं ते झालं. महिनाभर न आलेलं रडू एकदम आलं, आणि असं आलं की मला लाजही वाटेना. गुरुजींच्या बायकोनं आतून पाणी आणलं, ते तसंच हातात राहिलं. कसली गादी आणि कसलं काय! मला माझा माणूस हवा होता. कोपरानं ढोसून "तिकडे सरक की" म्हणणारा माझा माणूस. तो मिळणार नव्हता, म्हणून मी इतके दिवस गादीच्या नावानं बोंबलत होते.

बऱ्याच वेळानं गुरुजी हळूच म्हणाले, "रिक्षा बोलावू का? घेऊन जा, वहिनी. मी ताईंना सांगतो काहीतरी."

मी नाक पुसलं. "नको. राहू दे इथेच."

"नक्की?"

"नक्की." उठता उठता माझं उशीकडे लक्ष गेलं. "फक्त ही उशी बदला. फार उंच आहे. ह्यांची मान अवघडते."

दानाला दोष लावायला आलेली बाई मेलेल्या नवऱ्याची उशी बदलायला सांगत होती. गुरुजी हसले असते तर मी काही त्यांना नावं ठेवली नसती. पण त्यांनी मान हलवली. "आज बदलतो," म्हणाले.

घरी आले तर वन्सं स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

"भाजी कुठाय?"

"मिळाली नाही."

"अख्ख्या साताऱ्यात भाजी मिळाली नाही तुला?"

"गुरुजींकडे गेले होते."

वन्संचा हात थांबला. वर न बघता त्यांनी विचारलं, "परत मागायला?"

"हो."

"आणलीस?" हे इतक्या बारीक आवाजात आलं, की मला माझ्या खमक्या नणंदेचा आवाज ओळखू येईना.

"नाही आणली. तिथेच ठेवली. उशी तेवढी बदलायला सांगितली."

"उंच होती का गं?"

"हो."

"बघ!" वन्सं म्हणाल्या. "माझ्या डोक्यातच आलं नाही ते. इतके दिवस तो अवघडला असेल." आणि कोथिंबिरीच्या काड्या हातात तशाच धरून त्या सत्तरीच्या बाई लहान मुलीसारख्या हुंदके द्यायला लागल्या.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. माझा नवरा गेला हे सगळ्या गावाला दिसत होतं. या बाईचा धाकटा भाऊ गेला, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. जायफळाचं दूध मला, काशाची वाटी मला.

"वन्सं, खरं सांगा. तुम्ही रात्री झोपता का?"

"कसली झोप!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मुकुंदा गेल्यापासून एक रात्र झोपले असेन तर शपथ."

"मग ते डोक्यावरून पांघरूण?"

"मी झोपलेली दिसले तर तू तरी झोपशील, असं वाटायचं. तू कसली झोपतेस! सारखी आपली उठतेस आणि बसतेस."

म्हणजे इतक्या रात्री आम्ही दोघी एका पलंगावर, एकमेकींना कळू नये म्हणून श्वास रोखून, जाग्या पडून होतो. मला रडता रडता हसूच आलं. वन्संनी आधी रागानं बघितलं, मग त्याही हसायला लागल्या.

दुपारी पिठलं-भात केला. दोघीही भरपूर जेवलो. मग त्या फुलाफुलांच्या ओट्यावर जाऊन आडव्या झालो. तेवढ्यात लाइट गेली. त्या दिवसांत लोडशेडिंगचा धुमाकूळ होता, पंखा बंद, घर एकदम शांत. वन्सं मला ह्यांच्या लहानपणाचं काही सांगत होत्या, मामाच्या गावची विहीर आणि ह्यांची हरवलेली चड्डी असं काहीतरी. त्या गोष्टीचा शेवट मला आजतागायत माहीत नाही. आधी मी झोपले की सांगता सांगता त्याच झोपल्या, यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

जाग आली ती रडण्याच्या आवाजानं. बाहेर कुणीतरी ओक्साबोक्शी रडत होतं, आणि माणसांची कुजबुज ऐकू येत होती. उन्हं कलली होती. वन्सं दचकून उठून बसल्या.

"शैलजा, कोण गेलं गं?"

"इनामदारांची आई असणार," मी डोळे चोळत म्हणाले. "फार दिवस अंथरुणाला होती बिचारी. चला, जायला हवं."

आम्ही केस सारखे केले, पदर घेतले, चेहरे आवश्यक तेवढे लांब केले आणि दार उघडलं. बघतो तर इनामदारांची आई आमच्याच अंगणात, खुर्चीत बसवलेली. अर्धी गल्ली तिच्या मागे. दारापुढे खुद्द इनामदार हातात पहार घेऊन उभे. मला बघितल्याबरोबर त्यांच्या हातातली पहार दणकन खाली पडली. आणि पायरीवर, डोकं गुडघ्यांत घालून रडत बसलेला माझा निनाद.

"अरे, तू कधी आलास?" मी विचारलं.

त्यानं वर बघितलं. नुसता बघतच राहिला.

झालं होतं ते असं. निनादनं दुपारी फोन केला, कुणी उचलला नाही. फोन स्वयंपाकघरात कोथिंबिरीखाली वाजत होता. मग त्यानं इनामदारांना पिटाळलं. इनामदारांनी बेल दाबली, पण लाइट नव्हती, बेल वाजणार कशी? दार बडवलं, हाका मारल्या. शेवटी मागच्या खिडकीला तोंड लावून बघितलं, तर अंधुक उजेडात आम्ही दोघी शेजारी शेजारी, उताण्या, निपचित. त्यांनी पोराला फोनवर एवढंच सांगितलं, "लगेच निघ. दोघीही." तो येईपर्यंत दार फोडायची कुणाची छाती झाली नाही. पोरगा पुण्याहून गाडी कशी मारत आला असेल, देव जाणे.

"तुम्ही झोपला होतात?" निनाद कसंबसं म्हणाला.

"तूच म्हणालास ना, झोपायला लाग, मग खुशाल राहा?"

"आई, पण इतकं कुणी झोपतं का गं?" असं म्हणून त्यानं मला मिठी मारली आणि पुन्हा रडायला लागला. मला वाटलं, भीतीचं रडू आहे, ओसरेल. पण ते ओसरेना. मग मधेच तो "बाबा" म्हणाला आणि मला सगळं कळलं. बाप गेल्या दिवसापासून पोरगं माणसांचं, कागदपत्रांचं, माझ्या झोपेचं बघत होतं. त्याचं रडायचंच राहून गेलं होतं. मी त्याला रडू दिलं. इनामदार पहार उचलून गुपचूप घरी गेले. त्यांची आई मात्र, "चहा तरी करा गं कुणीतरी," म्हणून बसून राहिली.

निनाद रात्री राहिला. पाहुण्याला चांगलं म्हणून नवी गादी आम्ही बाहेरच्या खोलीत त्याच्यासाठी घातली, आणि आम्ही दोघी आत गोधड्या अंथरून पडलो.

सकाळी मी बाहेर आले तर निनाद खुर्चीत बसलेला. डोळे लाल, केस विस्कटलेले, हातात कालचा पेपर.

"काय रे, झोपला नाहीस?"

"कसली गादी आहे ही, आई!" तो वैतागून म्हणाला. "रात्रभर या कुशीचा त्या कुशीवर. माझी गादी असती ना तर..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. त्यानं पेपर तोंडासमोर धरला, तो बराच वेळ खाली केला नाही.

वन्सं माझ्या मागे दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, पदर खोचला आणि पुण्याला माझ्या सुनेला फोन लावला.

"रात्रभर टक्क जागा होता गं तुझा नवरा," त्या सांगत होत्या. "एकदा उठून पाणी प्यायला. मग खिडकी उघडली. मग नुसताच बसून राहिला खुर्चीत. नाही गं, आई नाही येत, ती मजेत आहे. याला तेवढं आज लावून देते, त्याला त्याच्या गादीवर झोपू दे."

वन्सं रात्रभर माझ्या कानाशी घोरत होत्या, हे मी कुणालाही सांगितलं नाही.